तांबे आणि लोखंड : भादाण्याच्या ताम्रपटाच्या निमित्ताने

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात ताम्रपट भेटतो तो भाषेच्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात. 'शिलालेख व ताम्रपट' असा एक जोडशब्द विद्यार्थी पाठ करतात, अक्षी आणि दिवेआगर ही नावे त्याच्या पुढे लिहितात, आणि प्रश्न सुटतो. लेखात काय लिहिले आहे, कोणते रूप जुने, कोणता प्रत्यय संस्कृताचा, यावर आपण पुष्कळ बोलतो. तो तांब्यावरच का लिहिला, असा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच निघतो. आणि निघालाच तर 'तांबे टिकाऊ असते म्हणून' एवढ्या उत्तरावर आपण पुढे सरकतो. हे उत्तर अर्धेच आहे. तांब्याच्या पत्र्यावरचे प्रत्येक अक्षर लोखंडी छिन्नीने कोरलेले असते, हा उरलेला अर्धा भाग. एक धातू लिहून घेतो, दुसरा लिहितो. लिहून घेणारा आपल्या अभ्यासक्रमात आला. लिहिणारा आला नाही. या लेखात आम्ही दोघांना शेजारी शेजारी बसवून पाहणार आहोत, आणि त्यासाठी भिवंडीइतकी सोयीची जागा आम्हाला दुसरी दिसत नाही.

भिवंडीच्या उत्तरेला काही मैलांवर भेरे येथे सापडलेला उत्तर कोकणच्या शिलाहारांचा एक ताम्रपट 'भादाणे ताम्रपट' म्हणून ओळखला जातो. कीलहॉर्न यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध केला आणि पुढे वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या लेखांच्या १९७७ च्या संग्रहात त्याचा पुन्हा परामर्श घेतला. काळ शके ९१९, म्हणजे इ.स. ९९७. दाता शिलाहार राजा अपराजित. दान दिलेले गाव भादाणे, आणि ज्याच्या पूजेअर्चेसाठी दिले तो देव लोनादित्य, म्हणजे लोनाडचा सूर्य. भादाणे आणि लोनाड ही दोन्ही गावे आजही भिवंडी तालुक्यात त्याच नावांनी नांदत आहेत. हजार वर्षांत नावाचा एखादा स्वर इकडेतिकडे झाला असेल, एवढेच.

या ताम्रपटात एक विलक्षण गोष्ट आहे. शिलाहार हे पिढ्यान्‌पिढ्या राष्ट्रकूटांचे मांडलिक. राष्ट्रकूटांचे राज्य चालुक्य तैलपाने इ.स. ९७३ च्या सुमारास संपवले. त्यानंतर चोवीस वर्षांनी अपराजित हा पट कोरवून घेतो, आणि स्वतःच्या कुळाआधी राष्ट्रकूटांची वंशावळ देतो. धनी उरला नाही, त्याचे राज्य तैलपाने बुडवले, हेही सांगतो. मेलेल्या सम्राटाला नमस्कार करण्यात राजकीय फायदा काय होता, याविषयी इतिहासकारांना बोलू द्यावे. साहित्याच्या माणसाला त्यात शोक दिसतो, आणि तो शोक राजशासनाच्या कोरड्या चौकटीत शिरलेला दिसतो. जमिनीच्या दस्तऐवजात विलापाला जागा करून देणारा हा मजकूर आमच्या मते कोणत्याही प्राचीन गद्याच्या संकलनात घेण्याजोगा आहे. तो संस्कृतात आहे म्हणून आपण मराठीवाले त्याच्याकडे वळत नाही. असो.

हा शोक आपल्यापर्यंत पोचला तो तांब्याच्या स्वभावामुळे. तांबे मऊ असते. ते थंडच ठोकले तरी पसरते, पत्रा होतो. ठोकता ठोकता ते कडक होऊ लागले की विस्तवात लाल करायचे आणि पुन्हा ठोकायचे. ताम्रपटाच्या पत्र्याच्या कडा बहुधा किंचित उचललेल्या असतात, म्हणजे पत्रे एकमेकांवर ठेवले तरी अक्षरे घासली जात नाहीत. भोकातून तांब्याचीच कडी ओवायची, तिच्या सांध्यावर राजमुद्रा बसवायची. कडी तोडल्याशिवाय पत्रा बदलता येत नाही. आजच्या भाषेत बोलायचे तर दस्तऐवजाची सुरक्षितता धातूच्या रचनेतच होती. हवा लागली की तांब्यावर तपकिरी, पुढे हिरवट थर चढतो. पण तो थर अंगाला चिकटून बसतो आणि आतल्या धातूचे राखण करतो. जमिनीत हजार वर्षे पडलेला पट चिंच-लिंबाने घासला की अक्षर वर येते. (संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी हे वाक्य वाचू नये. घासण्याने किती पट बिघडले आहेत याची मोजदाद नाही.)

लोखंडाचे उलट. त्याचा गंज हा सालीसारखा सुटतो, खपली पडते, आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा हवेला उघडे पडते. वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आणि खाडीची खारी हवा खाणाऱ्या या मुलखात लोखंडी पत्र्यावर कोणी दान कोरले असते, तर नातवाच्या काळात त्याचा चुरा उरला असता. येथे दिल्लीजवळच्या मेहरौलीचा लोहस्तंभ आठवेल. सुमारे सोळाशे वर्षे तो उभा आहे, त्यावर लेखही आहे. पण त्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण जास्त आहे, त्यामुळे त्याच्यावर राखण करणारा पातळ थर धरला. आणि दिल्लीची हवा कोकणची नव्हे. अपवाद म्हणून त्याचे कौतुक रास्त आहे.

रसायनशास्त्राच्या तक्त्यात हे दोन्ही धातू एकाच मोठ्या कुटुंबातले, संक्रमण धातू. लोखंडाचा अणुक्रमांक २६, तांब्याचा २९. मध्ये कोबाल्ट आणि निकेल एवढेच. तीन घरांचे अंतर. पण स्वभावात पाहा. तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते, लोखंड १५३८ अंशांना. हा साडेचारशे अंशांचा फरक म्हणजे मानवी इतिहासातला फार मोठा कालखंड आहे. कुंभाराच्या भट्टीपासून थोडे पुढे गेले की तांब्याचा रस होतो आणि तो साच्यात ओतता येतो. जुन्या भट्ट्यांत लोखंडाचा रस कधी होतच नसे. मळी वितळून वाहून जाई आणि मागे स्पंजासारखा गोळा उरे. तो तापवून, ठोकून, उरलेली मळी पिळून काढली की लोखंड. म्हणजे तांबे ओतून घडते आणि लोखंड बडवून. तांबटाचे आणि लोहाराचे आवाज वेगळे का, त्याचे मूळ इथवर नेता येते.

दुसरा फरक आम्हाला जास्त मोहात पाडतो. लोखंडात थोडा कोळसा मुरला की त्याचे पोलाद होते, आणि ते लालबुंद असताना पाण्यात बुडवले की कमालीचे कठीण होते. यालाच आपण 'पाणी देणे' म्हणतो. 'पाणीदार' हे विशेषण माणसाला लावतानाही ही लोहारशाळा कुठेतरी ऐकू येते. तांबे लाल करून पाण्यात टाकले तर? ते कठीण होत नाही, मऊच राहते. तांबट ते मऊ करण्यासाठीच तापवतो. एकच आग, एकच पाणी; एक पोलाद ताठ होऊन बाहेर येते, दुसरे नमून. म्हणूनच छिन्नी लोखंडाची आणि पत्रा तांब्याचा, हे नाते उलटे होऊ शकत नव्हते.

शब्दांचा इतिहास मात्र या दोघांना सारखा घोटाळ्यात टाकतो. रुद्राभिषेकात चमक म्हटले जाते, त्यात धातूंची एक यादी आहे: हिरण्य, अयस्, श्याम, लोह, सीस, त्रपु. यातले श्याम म्हणजे काळा धातू, लोखंड. आणि लोह म्हणजे तांबडा धातू, तांबे, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. 'लोह' हा 'लोहित'चा, म्हणजे तांबड्या रंगाचा सगा शब्द. पुढे तो सर्व धातूंना लागू झाला ('पंचलोह' या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे) आणि शेवटी ज्याच्या अंगावर तांबडेपणाचा लवलेश नाही अशा काळ्या धातूला जाऊन चिकटला. 'लोहखंड'चे मराठीत 'लोखंड' झाले. ऋग्वेदातल्या 'अयस्'चे नेमके काय, तांबे की लोखंड, हा वाद तर जुनाच. त्याचा लॅटिनमधला भाऊ तांबे-कांस्याच्या घरात राहिला, इकडे तो 'कृष्णायस' होऊन लोखंडाकडे झुकला. तात्पर्य, मराठीतले लोखंड आपल्या थोरल्या भावाचे नाव वापरत आहे. त्या थोरल्याने रंग मात्र सोडला नाही: तांबडा, तांबूस, तांबडे फुटणे. पहाट तांब्याची असते.

आणि 'तांब्या'? आज बहुतेक घरांतला तांब्या स्टेनलेस स्टीलचा, म्हणजे मुख्यतः लोखंडाचा असतो. म्हणजे लोखंडाने दुसऱ्यांदा तांब्याचे नाव घेतले, आणि या वेळी तर आपल्या डोळ्यांदेखत.

'आधी ताम्रयुग, मग लोहयुग' हा पाठ्यपुस्तकातला जिना महाराष्ट्रात नीट चढता येत नाही. प्रवरेच्या खोऱ्यात, जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जोडलेला रथ अशी ओतीव शिल्पे लाभली. चारांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. पण त्याच लोकांच्या रोजच्या वापरात दगडाची पातीच जास्त होती. तांबे दुर्मीळ आणि महाग, नांगराच्या कामाला मऊ. पुढे विदर्भातल्या महापाषाणीय दफनांत लोखंड विपुल दिसते, नायकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच उत्खननात मिळाली. तमिळनाडूतल्या लोखंडासाठी जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तारखा याहून कितीतरी मागे, ताम्रयुगाच्या काळात जातात, आणि त्यावर चर्चा चालू आहे. आमचे लक्ष मात्र नागपूरजवळच्या माहुरझरीच्या घोड्यावर खिळते. तिथल्या दफनांत घोड्याच्या तोंडातला लगाम लोखंडाचा आणि मस्तकावरचा साज तांब्याचा आहे. घोड्याला आवरण्याचे काम ज्याचे त्याचे, आणि मिरवण्याचे ज्याचे त्याचे. ही विभागणी पुढे दोन-अडीच हजार वर्षे फारशी बदलली नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकग्रंथात दोन नोंदी आहेत, त्या एकत्र वाचल्या तर गंमत दिसते. भडोचच्या बंदरात बाहेरून येणाऱ्या मालात तांबे आहे. आणि तांबड्या समुद्रावरच्या अदुलिसकडे 'अरिआके'हून, म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या मागच्या मुलखातून, जाणाऱ्या मालात हिंदी लोखंड, पोलाद आणि सुती कापड आहे. लोखंड जात होते, तांबे येत होते! यात नवल नाही. सह्याद्रीच्या जांभ्या दगडात लोखंड आहेच. महाबळेश्वरच्या परिसरातले धावड एकोणिसाव्या शतकापर्यंत ते गाळत होते. कोकणात तांब्याची खाण मात्र नाही. तरीही सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी कल्याणहून निर्यात होणाऱ्या वस्तूंत तांबे (किंवा पितळ, ग्रीक शब्द दोन्हींना चालतो), लाकूड आणि कापड सांगतो. कल्याण भिवंडीहून हाकेच्या अंतरावर. बाहेरून आलेले तांबे येथे घडवून पुन्हा बाहेर जात असावे, असा आमचा तर्क आहे. खाण नसलेल्या बंदराची तांब्यासाठी ख्याती होण्याचे दुसरे कारण आम्हाला सुचत नाही.

सोपाऱ्याच्या स्तूपात भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये दगडी पेटीत तांब्याचा करंडक मिळाला, त्यात चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. तांबे पवित्र वस्तूच्या इतके जवळ जाऊ शकते. लोखंडाला त्या उतरंडीत जागा नाही. देवघरात पळी, पंचपात्र, ताम्हन सारे तांब्याचे. विळी आणि तवा स्वयंपाकघरातून पुढे सरकत नाहीत. संतांनी परिसाचा दृष्टांत देताना लोखंडच घेतले, कारण अधमाचे सोने झाले तरच परिसाची थोरवी. याउलट रसशास्त्रातल्या किमयागारांची खटपट बरीचशी तांब्याचे सोने करण्याची. तिथे रंगाचा तरी थोडा आधार होता. परीस म्हणजे कृपा आणि किमया म्हणजे हिशेब, हा भेद या दोन धातूंवरून विद्यार्थ्यांना चांगला समजावता येतो.

तांब्याचे सोवळे मात्र निर्दोष नाही. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवून पाहावे. 'कळकणे' हे क्रियापद मराठीत त्यासाठीच आहे, आणि आंबट पदार्थात उतरलेले तांबे पोटात गेले तर बाधते. लोखंडी कढईतली भाजी काळवंडेल, पण तिच्यातले लोह रक्ताला उपयोगी पडते. आपले रक्त लोखंडाने लाल आहे. कामवारीच्या खाडीतल्या खेकड्याचे आणि कोळंबीचे रक्त तांब्यावर चालते, म्हणून ते निळसर असते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

गावगाड्यात या दोन धातूंची घरे स्पष्ट वेगळी आहेत. लोहार हा बलुतेदार, त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) तो त्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग आहे. फाळ शेवटणे, कुळवाची पास सरळ करणे, विळ्याला धार लावणे, आणि सुगीला खळ्यावर धान्य घेणे. तांबट बलुत्यात नाही. तो शहरात, राजधानीजवळ, पुण्याच्या तांबट आळीसारख्या वस्तीत. हंडे, घंगाळी, बंब यांवर मठारकामाचे ठोके घालायचे. ते ठोके शोभेचे वाटतात, पण त्यांनी मऊ पत्र्याला ताठपणा येतो. बंबाला तांबेच लागते, कारण ते लोखंडाच्या पाचपट उष्णता वाहून नेते. भाकरीला तवा लोखंडाचा, कारण तो सावकाश तापतो आणि ताप धरून ठेवतो. शिवकालात होन सोन्याचा आणि शिवराई तांब्याची. बाजारात सामान्य माणसाच्या हाती राजाचे नाव आले ते तांब्यावर. फाळावर कुणाचे नाव कोरलेले आम्ही पाहिले नाही.

इथे आमचा मुद्दा आहे. ताम्रपट वाचताना आपल्याला दाता कळतो, त्याचा वंश कळतो, दान घेणारा देव वा ब्राह्मण कळतो. लेख लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचेही नाव पुष्कळदा असते. भादाण्याची जमीन ज्यांच्या लोखंडी फाळाखाली होती, ती माणसे दान दिलेल्या वस्तूचा भाग आहेत. त्यांचे उत्पन्न कुणाला जाणार हे ठरले, एवढाच त्यांचा उल्लेख. मराठी गद्याचा आरंभ शोधताना आपण ज्या साधनावर विसंबतो, त्या साधनाची निवडच अशी आहे. रंगनाथ पठारे यांनी स्वातंत्र्योत्तर सत्तेच्या कादंबरीला 'ताम्रपट' (१९९४) हे नाव दिले, त्यामागे १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना दिलेल्या ताम्रपत्रांची आठवण वाचकाला होतेच. तांबे आणि राजमान्यता यांची सोयरीक विसाव्या शतकातही तुटली नव्हती. लोहाराला नायक करणारी ठळक कलाकृती विचारली तर भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' (१९६५) हा चित्रपट चटकन आठवतो, आणि मग आपण थांबतो.

लोखंडाचे युग खऱ्या अर्थाने या भागात आले ते १८५३ मध्ये, बोरीबंदर-ठाणे रुळांवरून. १९२५ मध्ये मुंबईत विजेची गाडी सुरू झाली तेव्हा त्या रुळांच्या वर तांब्याची तार आली. तांबे लोखंडाच्या सुमारे सहापट वीज वाहते. वजन पेलणे मात्र त्याला जमणारे नाही. खाली एक, वर दुसरा, मध्ये माणसे. भिवंडीचा यंत्रमागही असाच. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांचे हातमाग लाकडी होते. १९३० च्या दशकापासून बिडाचे माग आले. (इचलकरंजीत ते १९०४ मध्येच आले होते.) सांगाडा, चाके, दांडे लोखंडाचे, मोटारीच्या आत तांब्याच्या तारेचे वेढे. लोखंडाच्या गाभ्यात चुंबकत्व धरते, तांब्यातून वीज जाते, आणि दोन्ही एकत्र आल्याशिवाय धोटा हलत नाही. कोकणात या दोन धातूंची इतकी बरोबरीची भागीदारी आम्हाला दुसरीकडे आढळली नाही.

गेल्या काही वर्षांत भिवंडीतले हजारो माग बंद पडून भंगारात गेले. गोदामे त्या जागांवर उभी राहिली. भंगाराच्या दुकानात माग आला की पहिले काम लोहचुंबकाचे. चिकटेल ते एका ढिगात, न चिकटेल ते दुसऱ्या. मोटार फोडून तांबे वेगळे काढतात, कारण त्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट. जुन्या काळी ताम्रपटांचाही असाच निकाल लागत असे. टिकाऊ म्हणून ज्याच्यावर लिहिले, त्याला किंमत असल्यामुळेच ते वितळवले गेले. किती दानपत्रांचे हंडे झाले ते हंड्यांनाच ठाऊक. लोखंडाचा वैरी हवा आणि तांब्याचा वैरी बाजार.

बिडाच्या मागाच्या बाजूच्या चौकटीवर बहुधा ओतशाळेचे नाव उठावाच्या अक्षरांत असते. कोरलेले नव्हे, ओतलेले. गावाचे नाव असते, कधी सालही. कोणत्या ओतशाळेचे माग भिवंडीत आले, कुठून आले, कधी आले, याची ही साधने आहेत, आणि ती किलोच्या भावाने भट्टीकडे चालली आहेत. ताम्रपटाचा ठसा घेण्याची पद्धत सोपी आहे: ओला कागद, मऊ ब्रशाने अक्षरांवर बसवायचा, वाळत आला की शाईची गादी हलक्या हाताने फिरवायची. उठावाच्या अक्षरांना ती तितकीच चालते. आमच्या महाविद्यालयीन मित्रांनी पुढच्या वर्षीच्या प्रकल्पांत लोनाडच्या सहलीबरोबर भंगाराच्या दोन-चार दुकानांचीही भेट ठेवावी. कागद आणि शाई फार लागत नाही. दुकानदाराची परवानगी आधी घ्यावी, आणि शक्यतो भंगाराची गाडी भरण्यापूर्वी पोचावे.